निळ्या ड्रमांचा पडाव

आवडाबाईच्या कमरेला दोन गोष्टी कायम खोचलेल्या असत. एक तंबाखूची चंची, दुसरी पाण्याच्या टाकीची किल्ली. चंची ती वाटेवरच्या माणसापुढेही धरायची. किल्लीला मात्र कुणी हात लावून दाखवावा! भाडेकरणी आपसात म्हणायच्या, म्हातारी गेली तरी किल्ली मुठीतून सोडवायला लोहारच बोलवावा लागेल. हे आवडाबाईच्या कानावर आलेलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

ठाण्याजवळच्या दिव्यात, खाडीच्या अंगाला, जिथं एकेकाळी तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं, तिथं आता तिच्या चाळी उभ्या होत्या. भाडेकरू कोण कोकणातले, कोण घाटावरचे. सगळ्यांचं दुखणं एकच, पाणी. नळाला ते कधी येईल हे देवालाही विचारायची सोय नव्हती. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी दोन दिवस थेंब नाही. म्हणून प्रत्येक दाराशी एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम, घट्ट झाकणाचा. दारात चप्पल नसली तरी चालेल, ड्रम पाहिजे. आणि ड्रम कोरडे पडले की बायका आवडाबाईच्या टाकीपाशी जमायच्या आणि तिथं जे तोंड सुटायचं दोन्हीकडून, ते स्टेशनापर्यंत ऐकू जावं.

या बायकांची म्होरकी होती मालन. पहिल्या खोलीतली. दाभोळच्या खाडीकाठचं माहेर, पोळीभाजीच्या दुकानात पोळ्या लाटायचं काम, आणि जीभ आवडाबाईच्या तोडीस तोड.

चाळींच्या मागं तिवरांचं जंगल होतं आणि तिवरांपलीकडे खाडीचा उघडा काठ. तिथं रेतीचे दोन लोखंडी बार्ज गंज खात पडले होते. धंदा बंद झाला, मालक पांगले, बार्ज राहिले. त्यांच्या मधोमध, गळ्यापर्यंत चिखलात रुतलेला, एक लाकडी पडाव होता. रुंद बुडाची, माल वाहायची होडी ती, अस्सल सागाची. तो आवडाबाईच्या नवऱ्याचा, रघुचा. त्यानं मीठ वाहिलं, कौलं वाहिली, आणि एकदा नवी नवरी वाहिली. आवडाबाई लग्न होऊन पलीकडच्या तीरावरून त्यातूनच सासरी आलेली. रघु गेला त्या पावसाळ्यात पाणी उपसायला कुणी उरलं नाही आणि पडाव उभ्या जागी बसला.

तशा काठावर किती होड्या सडल्या, कुणी हिशेब ठेवलाय! पण या पडावाची गोष्ट वेगळी होती. गावदेवीची थोरली बहीण खाडीपल्याड राहते. चैत्री पुनवेला, जत्रेच्या दिवशी, धाकटी थोरलीला भेटायला जाते आणि जाते ती याच पडावातून. पुढच्या टोकाला तिच्या पालखीचा पाट कायमचा ठोकलेला. पडाव बसल्यावर गावानं नव्या फायबरच्या बोटीसाठी कौल लावला, तर देवीनं साफ नकार दिला. टेम्पोला मात्र हो म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिला ठाऊक, पण गेल्या वर्षी ती पस्तावली असणार. शीळफाट्यावर दोन ट्रेलर आडवे झाले आणि देवी, पुजारी, ताशेवाले सगळे दिवसभर डिझेलचा धूर खात बसले. पोचेपर्यंत थोरलीचा नैवेद्य थंडगार झालेला. पल्याडच्यांनी वर ऐकवलं, "काय हो, तुमच्याकडं खाडी आटली का?"

ते आवडाबाईच्या जिव्हारी लागलं.

आणि त्यावर मीठ चोळलं ते तिच्या सख्ख्या पुतण्यानं, देवेशनं. देवेश जत्रेच्या पंचांचा पुढारी. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट, मनानं वाईट नाही, पण सगळ्या जगाचं पार्किंग करायला निघालेला. दिवाळीच्या बैठकीत त्यानं जाहीर केलं, की जत्रा उरकली की काठावर भराव टाकायचा आणि गाड्यांना जागा करायची.

"आनि माझा पडाव?" आवडाबाई भर बैठकीत उठून उभी राहिली.

"काकी, तो पडाव रायला नाय आता. लाकडाचा चिखल हाय तो."

"जत्रेला तरंगला तर?"

सगळे हसले. देवेशही हसला. "तरंगला तर पालखी मी सोताच्या खांद्यावर आनून तुझ्या पडावात ठेवीन, आनि भरावाचं नाव काढनार नाय. सगल्यांच्या म्होरं बोलतंय. पन नाय तरंगला तर मंग तू पन आडवी यायचं नाय."

"नाय येनार," म्हणून आवडाबाई तरातरा घरी आली आणि घरी आल्यावर तिला घाम फुटला. कारण पडाव उठवायचा कसा, हे तिला कुठं माहीत होतं! तिला एवढंच माहीत होतं, की ज्या लाकडावर बसून ती या गावात आली, त्या लाकडावर कुणाची गाडी उभी राहिलेली तिला बघवणार नव्हती.

रघुसोबत पडावावर काम केलेला एकच खलाशी जिवंत होता, दगडू. गुडघे गेलेले, पण हात शाबूत. हिवाळाभर ओहोटीच्या वेळा धरून दोघांनी मजूर लावले, पोटातला चिखल उपसला, फुटक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस आणि राळ ठोकली. आवडाबाई स्वतः पदर खोचून घमेली वाहायची. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. फाल्गुनापर्यंत पडाव आतून डबीसारखा स्वच्छ झाला. पण हलेना! भरती आली की तो जागेवरच भरायचा, ओहोटीला जागेवरच गळायचा.

"वयनी, बूड चिखलानं धरलंय," दगडू म्हणाला. "वरनं कोनी उचलला तर सुटंल. क्रेन आनशील तर ती पन हितंच रुतंल."

बुडाच्या प्रश्नाचं उत्तर वाऱ्यानं आणलं. एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि मालनच्या दारातला रिकामा ड्रम गडगडत निघाला तो थेट खाडीत. भरती भरलेली. मालन काठावर बोंब मारतेय, "अहो धरा कुणीतरी, आत्ताच नवा घेतलाय!" आवडाबाई पडावापाशीच होती. ती कमरेभर पाण्यात शिरली, ड्रमला मिठी मारली आणि त्याला खाली दाबून वळवायला गेली. ड्रम कसला दबतोय! तिनं सगळं अंग टाकलं, तर ड्रमनंच तिला उचललं आणि ती पालथी होऊन पाय झाडायला लागली. मालन आधी घाबरली, मग हसून हसून खाली बसली.

आवडाबाई नाकातोंडातलं पाणी शिंकरत बाहेर आली. रागावली नाही, हे बघून मालनचंच हसू थांबलं.

"मालन," ती म्हणाली, "चालीत असे किती ड्रम असतील गो?"

तिचा बेत असा, की सुकतीला, पाणी ओसरून पडाव उघडा पडला की दोन्ही बाजूंना रिकामे ड्रम खाली बांधायचे, बुडाखालून दोर ओवायचे. भरती चढली की ड्रम वर यायला बघणार आणि पडावाला सोबत उचलणार. दगडूनं मान डोलावली. पण साधी भरती पुरणार नव्हती, उधाण पाहिजे होतं, आणि जत्रेआधीचं मोठं उधाण होतं पाडव्याच्या आदल्या अवसेचं. त्या दिवशी उठवायचा, मग पुनवेपर्यंत डागडुजी, असं ठरलं.

आता ड्रम मागायचे. इथं आवडाबाईनं स्वभावाप्रमाणेच केलं. चाळीच्या तोंडाशी उभी राहून तिनं हुकूम सोडला, "अवसेला पहाटं सगल्यांनी आपापला ड्रम घेऊन खाडीवर यायचं. माझ्या चालीत रातांव ना? मंग!" बायका कुरकुरल्या, पण आल्या. मालकिणीशी वैर कोण घेणार?

अवसेच्या पहाटे ड्रम बांधले. ओला दोर गाठीतून निसटतो, म्हणून ज्याच्या त्याच्या ड्रमचा दोर ज्याच्या त्याच्या हातात दिला. ऊन चढलं तशी भरती चढली. पाणी गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. दोर ताणले, ड्रम कुरकुरले आणि पडावाचं पुढचं टोक थरारलं. खरंच थरारलं! दगडू ओरडला, "धरा, धरा, सुटतोय!"

आणि तेवढ्यात चाळीतून आरोळी आली.

"पाणी आलं! नळाला पाणी आलं!"

झालं. दिव्यात राहणाऱ्या माणसाला या दोन शब्दांपुढे काही दिसत नाही. विचार डोक्यात यायच्या आत पाय निघालेले असतात. दोर सुटले, ड्रम सुटले. बायकांनी ते डोक्यावर घेतले आणि चिखल तुडवत नळाकडे पळ काढला. पडाव एकदा डुचमळला आणि पुन्हा आपल्या खड्ड्यात जाऊन बसला. दगडू एकटा पाण्यात उभा राहून सगळ्यांच्या नावानं शिव्या घालत होता.

आवडाबाई भानावर आली तेव्हा ती नळाच्या रांगेत उभी होती. हातात कळशी.

हो, तीसुद्धा! स्वतःची टाकी घरात असताना, स्वतःचा पडाव उठत असताना, "पाणी आलं" ऐकलं आणि दोर टाकून पळाली. पुढं मालन उभी होती. दोघींची नजरानजर झाली. मालनच्या ओठावर शब्द आलेला आवडाबाईला दिसला. पण तिनं नुसतं बाजूला सरकून तिच्या कळशीला जागा करून दिली. आवडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. दारोदारी गुढ्या आणि आवडाबाईच्या घरात सुतक असल्यासारखं. दुपारी ती उठली, पुरणपोळीचं ताट झाकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भाडेकरणीच्या दारात जाऊन कडी वाजवली.

"ये मावशी," मालन म्हणाली. "आज वाट चुकलीस?"

"चुकले नाय. मागायला आयलंय." आवडाबाई उंबऱ्यातच बसली. हुकमाची सवय असलेल्या तोंडाला विनवणी जड जात होती. "पुनवेला शेवटचं उधान. त्या दिशी नाय उठला तर माझा पडाव भरावाखाली. मना तुमचे ड्रम पायजेत. आनि... ड्रमाबरोबर तुमी पन पायजेत. नुसता ड्रम काय कामाचा? टाकीतनं घरटी हंडा हंडा पानी देईन त्या दिशी."

मालननं ताटातल्या पोळीचा तुकडा मोडला.

"हंड्याचं राहू दे," ती म्हणाली. "मावशी, आमच्या गावाला शिमग्याला पालखी निघते. माझ्या माहेरी ती तरीच्या होडीतून खाडी ओलांडते. रजा मिळत नाही, किती वर्षं झाली मी बघितली नाही. इथं तुमची जत्रा असते, तर आम्ही खिडकीतून ताशे ऐकतो. आम्ही भाडेकरू ना! पडाव उठला तर त्यात आम्ही बायका बसणार. कबूल असेल तर बोल."

पडावात पालखीबरोबर फक्त रघुच्या घरची माणसं बसायची, पहिल्यापासून. आवडाबाईला सासू आठवली, सासूचं तोंड आठवलं. मग तिला कालची नळाची रांग आठवली.

"कबूल," ती म्हणाली. "पन उठला तर."

पुनव उजाडली. गावात पहाटेपासून ताशे. देवेशनं टेम्पो झेंडूनं मढवून काठाशी आणून उभा केलेला, ड्रायव्हर आत बसलेला. देवेश काकीला चिडवायला आला खरा, पण चिखलात काय चाललंय ते बघून त्याचं चिडवणं तोंडातच राहिलं. चाळीतल्या एकाही दारात ड्रम उरला नव्हता. निळे ड्रम पडावाच्या दोन्ही अंगांना गच्च बसले होते आणि प्रत्येक दोराच्या टोकाला एक बाई, नऊवारीतली, गाऊनवाली, पंजाबी ड्रेसमधली, दोर मनगटाला गुंडाळून उभी. मधोमध मालन. पुढच्या टोकाशी आवडाबाई, दोन्ही हातांनी पाट धरून.

भरती आली. चैताचं उधाण ते, तिवरांच्या मुळांतून खळखळत आत घुसलं. पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं. ड्रम वर यायला धडपडायला लागले, बायकांचे दंड भरून आले. पडाव ढिम्म. ताशे थांबले. सगळं गाव काठावर गोळा होऊन बघायला लागलं. टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं.

आणि काय सांगावं नशिबाला! चाळीतून आरोळी आली.

"पाणी आलं! ए, पाणी आलं!"

नळ सगळे उघडे होते. दोन दिवस थेंब नव्हता ना, कोण बंद करून ठेवतंय? रिकाम्या बादल्यांवर पाण्याची धार पडायला लागली, तो धडधड आवाज काठापर्यंत यायला लागला. पाण्यात उभ्या असलेल्या साऱ्या बायकांच्या माना चाळीकडे वळल्या. कुणाचं तरी पाऊल उचललेलं आवडाबाईला दिसलं. तिचा स्वतःचा पाय शिवशिवला.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. घरात पोरं होती, म्हातारी माणसं होती, दोन दिवसांची तहान होती.

"जा गो," ती म्हणाली. "जा, भरा पानी. पोरांना प्यायला लागंल. पडावाचं बगू."

"गप्प बस मावशी!" मालन तिच्यावर असली खेकसली की काठावरचे पंच दचकले. "दोर धर! कुणी हललं तर गाठ माझ्याशी आहे. धरा गं!"

एकही बाई हलली नाही. तिकडे नळ वाहत होते, बादल्या भरून सांडत होत्या, पाणी मोरीतून गटारात चाललं होतं आणि इकडे बायका दात ओठ खाऊन दोर धरून उभ्या होत्या. कुणीतरी रडत होती, पण दोर सोडत नव्हती. दगडू म्हातारा पडावाच्या मागं खांदा लावून "हय्या हो!" ओरडायला लागला. बायकांनी ते उचललं. "हय्या हो! हय्या हो!"

पडावाच्या बुडाखालून मोठा बुडबुडा आला. मग दुसरा. मग चिखलानं "फसाक्" करून बूड सोडलं आणि रघुचा पडाव, इतक्या वर्षांचा बसलेला, म्हशीनं उठावं तसा मागचं अंग आधी, मग पुढचं, असा हेलपाटत वर आला. सरळ झाला. डुलायला लागला!

काठावर जो गलका झाला! ताशे फुटतील इतके वाजायला लागले. टेम्पोच्या ड्रायव्हरनंच हॉर्न दाबून धरला. आवडाबाई पाट कवटाळून ढसाढसा रडली. कुणाची लाजबीज धरली नाही. "उठला गो बाय! माझा पडाव उठला!"

देवेश बोलल्या शब्दाला जागला. पांढरे बूट काठावर फेकून, पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन, छातीभर पाण्यातून तो आला आणि देवी तिच्या पाटावर ठेवली. "काकी," तो म्हणाला, "पार्किंग गेलं खड्ड्यात." मग मागं वळून त्यानं पोरांना हाक दिली, "ए, बगत काय रायलांव! चालीत जावा, हंडे, टोप, पिंपं, जे गावंल ते भरा. धार बंद व्हायच्या आत!" ताशे वाजवणारे ताशे ठेवून चाळीकडे पळत सुटले.

पडाव निघाला. दोन्ही अंगांना निळे ड्रम, पुढं झेंडूत बसलेली देवी आणि आत खचाखच बायका. फळ्यांतून थोडं पाणी येत होतं, ते बायका डब्यांनी उपसत होत्या. पाणी उपसण्याचंही त्यांना हसू येत होतं. वल्हं मालननं घेतलं होतं. दाभोळची पोर ती, हात विसरला नव्हता. पल्याडच्या तीरावरची माणसं टेम्पोची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून उभी होती. कुणीतरी मागं वळून पाहिलं, मग सगळेच वळले आणि धावत पाण्याकडे यायला लागले.

खाडीच्या मधोमध पडाव थांबवायचा आणि खाडीची ओटी भरायची, ही रीत. ओटी घरच्या बाईनं भरायची. आवडाबाई उठली, नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. आणि तशीच उभी राहिली. मग तिनं कमरेला हात घातला, किल्ली सोडली आणि नारळाच्या मागोमाग खाडीत भिरकावली.

"अगं मावशी!" मालन वल्हं सोडून ओरडली. "टाकीची किल्ली ती! आता कुलूप उघडणार कसं?"

"घरात हातोडा हाय," आवडाबाई पालखीपाशी ऐसपैस बसत म्हणाली. "तू वल्हव."